चार नंबरचा आवाज

"तिथं श्वास घेत नाही ती," काकू म्हणाल्या.

मी दचकलेच. मिरजेहून निघाल्यापासून सोहोनी काकूंनी तोंड म्हणून उघडलं नव्हतं. पुण्याला गाडी बदलली, मनमाड गेलं, भुसावळला मास्तरांनी केळी घेतली, तरी ही बाई आपली खिडकीशी गप्प बसलेली. खोळ घातलेला तंबोरा शेजारी उभा धरलेला. हमालाला हात लावू दिला नव्हता की मला.

मी ओठातल्या ओठात गाणं फिरवत होते. 'भरली घागर, सरेना वाट.' 'सरेना'च्या आधी मी जरा दम घेतला होता, एवढंच.

"कोण श्वास घेत नाही?" मी विचारलं. उगाचच. कोण ते मला चांगलं माहीत होतं.

"कुंदा. 'वाट'पर्यंत एका दमात जाते ती. तू मधेच तोडलंस."

कुंदा म्हणजे मास्तर-काकूंची एकुलती एक मुलगी. श्रावणात काविळीनं दगावली होती, आणि आता मार्गशीर्ष चालू होता. मी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी पेपरात डोकं खुपसलं होतं. पेपर आदल्या दिवशीचा होता आणि पान काही उलटत नव्हतं.

"परत म्हण," काकू म्हणाल्या.

मी परत म्हटलं. एका दमात.

"हं," काकू म्हणाल्या आणि थोड्या माझ्याकडे सरकून बसल्या.

आता साठी उलटलीय माझी. त्या वेळी मी, शालन मोहिते, सांगली-कोल्हापूर पट्ट्यात 'स्वरझंकार' ऑर्केस्ट्रात गात होते. ऑर्केस्ट्रात गायचं म्हणजे काय ते आजकालच्या पोरींना समजावून सांगावं लागतं. तिथं स्वतःच्या आवाजात गायची सोयच नाही. निवेदक ओरडणार, "आणि आता येतोय हुबेहूब आवाज..." आणि पुढं मुंबईच्या कुठल्यातरी मोठ्या गायिकेचं नाव. आपण पुढं होऊन त्या बाईच्या आवाजात गायचं. जितकं हुबेहूब, तितक्या शिट्ट्या. पोस्टरवर तिचं नाव हे एवढं मोठं, आणि खाली कोपऱ्यात माझं. तेही धड नाही. कधी शालिनी, कधी शैला. एकदा तर नुसतंच 'कु. मोहिते'. मी मालकांना म्हटलं होतं, "अहो, एखादं गाणं माझ्या आवाजात म्हणू का?" तर ते म्हणाले, "शालन, तिकीट काढून तुला कोण ऐकणार गं?" वाईट माणूस नव्हता. खरं तेच बोलला. पण असा राग आला होता मला की बस्स.

त्यात सोहोनी मास्तर घरी आले.

मी लहानपणी त्यांच्याच क्लासात शिकले. कुंदा आणि मी एका वयाच्या, एका सतरंजीवर बसून शिकलो. नक्कल हा तेव्हापासून माझ्या हातचा मळ. कुंदाला कंटाळा आला की ती मागच्या दारानं मैत्रिणीकडे पळायची आणि पुढच्या खोलीत मी तिच्या आवाजात पलटे घोटत बसायची. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "कुंदे, निषाद उतरतोय!" आम्ही दोघी नंतर पोट धरून हसायचो.

तर मास्तर आले, चहाला नको म्हणाले आणि सरळ मुद्द्याला आले.

"गाणं शेवटच्या सहांत आलंय, शालन."

कुठलं गाणं ते मला ठाऊक होतं. मिरजेत कुणाला ठाऊक नव्हतं? आशियातल्या देशांचा गाण्यांचा मोठा महोत्सव असायचा, त्या वर्षी मनिलाला होता. प्रत्येक देशानं एकच गाणं पाठवायचं, एकाच गळ्यातलं. भाषेची अट नव्हती. आपल्या देशातलं गाणं निवडायची तऱ्हा अशी, की सगळीकडून टेपा मागवायच्या, वर नाव-गाव काही नाही, फक्त नंबर. समितीनं ऐकून त्यातली सहा काढायची. मग त्या सहा जणांनी दिल्लीला येऊन प्रत्यक्ष गायचं, तेही पडद्यामागून. कारण आधीच्या खेपेला कुणाची तरी भाची निवडून गेली म्हणून मोठी बोंबाबोंब झाली होती. तेव्हापासून परीक्षकांनी तोंड बघायचंच नाही. काही परीक्षक सभागृहात बसायचे, काही कलकत्ता, मद्रास, लखनौला रेडिओवर ऐकायचे आणि टेलिफोनवरून गुण कळवायचे. निकाल लागला की पडदा वर आणि मग नाव.

मास्तरांनी आषाढात टेप पाठवली होती. चाल त्यांची, आवाज कुंदाचा.

"गाणारी बदलली तर चालतं," मास्तर म्हणाले. "मी फोन करून विचारलंय. पण समितीतला माणूस म्हणाला, गाणं आलंय ते त्या आवाजावर. तो आवाज तुझ्याकडं आहे."

"मास्तर, काहीतरी काय बोलताय!"

"ऐक तरी. पडद्यामागं तू कुंदासारखं गा. पडदा वर गेला की नाव तुझं सांगायचं, शालन मोहिते. देशाच्या नावापुढं तुझं नाव लागेल. मनिलाला तूच जायचंस."

"आणि तिथं कुणाच्या आवाजात गायचं?"

"तिथं तुझ्या. निवड झाल्यावर कोण बघतंय?"

नाही म्हणायला पाहिजे होतं, असं आज कुणी मला शहाणपण शिकवलं तर मी त्याला विचारीन, तू कधी पोस्टरच्या कोपऱ्यात 'कु. मोहिते' म्हणून राहिलायस का? मला माझं नाव पाहिजे होतं. एकदा तरी, मोठ्या अक्षरात.

"काकूंना चालेल?" मी विचारलं.

"ती तंबोऱ्याला बसेल," मास्तर म्हणाले. हे काही माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण मी पुढं विचारलं नाही.

तर गाडीत काकू अशा बोलायला लागल्या आणि मग थांबेचनात. इटारसी गेलं, भोपाळ गेलं. "'घागर'वर जोर देऊ नकोस, ती कधी देत नाही. वरच्या सा-ला सरळ जाऊ नकोस, ती किंचित खालून येते." मी हो हो करत होते. मला वाटलं, बरं झालं, बाईचं मन रमतंय. शिवाय शिकायला मिळत होतं, माझा फायदाच होता त्यात. ग्वाल्हेर येईपर्यंत गाणं असं बसलं की माझं मलाच कौतुक वाटायला लागलं.

समोरच्या बाकावर एक सरदारजी होते. डब्यातले पराठे सोडत काकूंना म्हणाले, "आपकी बेटी बहुत अच्छा गाती है, बहनजी."

मी मास्तरांकडे बघितलं. आता ते सांगतील, मग आपण हसू, असं मला वाटलं.

"हां," काकू म्हणाल्या. "बचपन से गाती है."

मास्तरांनी पेपर घडी करून ठेवला आणि ते उठून दाराशी जाऊन उभे राहिले.

दिल्लीत थंडी मरणाची. उतरलो होतो करोल बागेत, एका मराठी मंडळाच्या दोन खोल्यांत. काकू आणि मी एका खोलीत. सकाळी मी अंघोळ करून आले तर काकू कॉटवर फणी घेऊन बसलेल्या.

"बस खाली. विंचरते."

"अहो काकू, मी काय लहान आहे? मी विंचरीन माझी माझी."

"बस म्हणते ना."

बसले. त्यांनी मधोमध भांग पाडला. मी जन्मात कधी मधोमध भांग पाडला नव्हता. मधोमध भांग कुंदाचा असायचा. मग ट्रंकेतून मोतिया रंगाची साडी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. घडीला डांबरगोळ्यांचा वास होता आणि त्याखाली दुसरा एक, पावडरीचा. तो वास मला माहीत होता.

"ही कशाला?" मी म्हटलं. "पडद्यामागं मला कोण बघणाराय?"

"मी आहे ना."

नेसले. मनात म्हटलं, एक दिवस तर आहे. आरशात बघितलं नाही मात्र.

काकू माझ्या निऱ्या नीट करत म्हणाल्या, "मनिलाला थंडी असते का गं? तुला सोसत नाही थंडी. घसा लगेच धरतो."

मला थंडी चांगली सोसते. सांगलीत जानेवारीच्या कार्यक्रमांत मी उघड्या मैदानात स्वेटरशिवाय गायलेय.

"आणि परत आलीस की वरच्या खोलीतच राहा. गादी उन्हात घालून ठेवलीय मी निघायच्या आधी. खिडकीचा पडदाही धुतलाय."

"काकू," मी म्हटलं, "माझं घर सांगलीला आहे. आई वाट बघते माझी."

त्या माझ्याकडे बघून हसल्या. लहान पोर काहीतरी बरळलं की हसतो ना आपण, तशा. आणि खडीसाखर घातलेलं कोमट पाणी त्यांनी माझ्यापुढं धरलं.

मी तशीच बाहेर गेले. मास्तर व्हरांड्यात उन्हाला बसले होते. मला साडीत बघून त्यांचा चेहरा पार उतरला.

"मास्तर, काकूंना आवरा," मी म्हटलं. "त्या मला 'तू' म्हणतायत."

"ती तुला नेहमीच 'तू' म्हणते."

"मला म्हणत नाहीयेत त्या! तुम्हाला कळतंय मी काय म्हणतेय ते. वेड पांघरू नका."

एवढं तोंड वर करून मी मास्तरांशी कधी बोलले नव्हते. ते रागावले नाहीत. शालीचं टोक नुसतं चाळवत राहिले.

"श्रावणापासून ती धड जेवत नव्हती, शालन. चमचाभर भात, तोही मी समोर बसलो तर. काल गाडीत तिनं पोळी मागून घेतली. आज सकाळी पोहे खाल्ले, वर मला म्हणाली मीठ कमी आहे. एवढा दिवस काढ. संध्याकाळी तुझं नाव लागेल, मग मी बघतो काय ते."

"आणि मग? वर कुंदाच्या खोलीतली गादी?"

"कसली गादी?"

त्यांना माहीतच नव्हतं. मी कपाळावर हात मारून घेतला.

मोरीत जाऊन मी दार लावलं, नळ सोडला आणि माझ्या आवाजात गाऊन बघितलं. माझा आवाज जाडा आहे, थोडा घोगरा, तळाशी चांगला घुमतो. आला. पण दोन ओळी झाल्यावर तो आपोआप बारीक व्हायला लागला आणि 'वाट'पर्यंत एका दमात गेला. मी नळ बंद केला. म्हटलं, सवय आहे, दोन दिवस तेच घोटतेय, दुसरं काय. तरी परत गाऊन बघायचा धीर झाला नाही.

सभागृहात आमचा नंबर चौथा. दुपारची वेळ होती, पण आत सगळं बंद, जड निळ्या पडद्यामागं एक दिवा आणि एक माइक. तबला, व्हायोलिन समितीचेच, तिकडे बाजूला. समितीतर्फे मेहरोत्रा म्हणून एक टापटीप गृहस्थ होते. त्यांनी येऊन बजावलं, पडदा वर जाईपर्यंत कुणी नाव घ्यायचं नाही, खोकायचं नाही, आणि गळा एकच पाहिजे, कुणी मागून साथ द्यायची नाही. मास्तरांना त्यांनी विंगेच्या पलीकडे पाठवलं. पडद्यामागं राहिलो काकू आणि मी. काकूंनी तंबोऱ्याची खोळ काढली, घडी करून मांडीखाली ठेवली, तारा लावल्या आणि मला म्हणाल्या, "घाबरू नकोस. मी आहे इथं."

लाल दिवा लागला. बाहेर कुणीतरी म्हणालं, "क्रमांक चार."

मी सुरू केलं.

पहिला अंतरा मी गायले. ते मला पक्कं माहीत आहे. कुठं दम घ्यायचा, कुठं जोर द्यायचा नाही, सगळं डोक्यात होतं आणि मी एकेक ठरवून करत होते. आवाज कुंदाचा लागला होता, अगदी टेपवरच्यासारखा. बाहेर चिडीचूप. गाणाऱ्याला कळतं समोरचे ऐकतायत की नाही ते. ते ऐकत होते.

दुसऱ्या अंतऱ्यात मी काही ठरवत नव्हते. गाणं आपलं चाललं होतं. आणि शेवटच्या ओळीला एक हरकत आली, छोटीशी, वरून खाली घसरत येणारी. ती टेपवर नव्हती. मास्तरांच्या चालीत नव्हती. गाडीत काकूंनी सांगितलेली नव्हती, आणि मी ती जन्मात कधी ऐकली नव्हती. ती माझ्याच गळ्यातून निघाली आणि मी ती इतरांसारखी ऐकली.

मागून काकू अगदी हळू बोलल्या. "तीच गं. न्हाणीत म्हणायचीस ती."

व्हायोलिनचा तुकडा चालू होता, तिसऱ्या अंतऱ्याला थोडा अवकाश होता. मी मागं वळून बघितलं. काकूंचे डोळे मिटलेले. चेहरा असा फुललेला की मला तो ओळखू येईना. उजवा हात तारांवर होता, आणि डाव्या हातानं त्यांनी माझ्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

एक अंतरा राहिला होता. तसाच म्हटला असता तर गाणं आमचं होतं. हे मी फुशारकीनं सांगत नाही, त्या शांततेवरून मला कळत होतं. पडदा वर गेला असता आणि मी माझं नाव सांगितलं असतं. पण सांगितलं असतं का? कुणी विचारलं असतं, नाव काय, तर माझ्या तोंडून कुठलं नाव आलं असतं, याची मला खात्री वाटेना. आणि आलंच असतं शालन मोहिते, तर ही बाई पदर सोडणार होती का? मी मनिलाला गेले असते, परत आले असते, आणि काकू वरच्या खोलीत दिवा लावून बसल्या असत्या. पोळी मागून खात. वर्षानुवर्षं. मला भीती वाटली. काकूंचीही वाटली आणि माझी स्वतःचीही वाटली. आणि खरं सांगू? भयंकर रागही आला. आयुष्यभर ह्याच्या-त्याच्या आवाजात गायले, आता मेलेल्या मैत्रिणीच्याही? ती बिचारी तिकडे सुटली, आणि आम्ही तिघांनी मिळून तिला ओढत दिल्लीपर्यंत आणलं होतं.

व्हायोलिन संपलं. मी तिसरा अंतरा माझ्या आवाजात उचलला.

जाडा, घोगरा, सांगलीचा. ध्रुवपदाला आले तेव्हा 'सरेना'च्या आधी भसकन दम घेतला, 'घागर'वर सणसणीत जोर दिला. मागं तंबोरा थांबला. पदराला एक हिसका बसला आणि मग तो सैल सुटला. मी वळले नाही. तंबोऱ्याशिवाय तशीच गात राहिले, शेवटपर्यंत. बेसूर नाही झाले, एवढं मात्र सांगते.

लाल दिवा विझला. मग वळले. काकू माझ्याकडे बघत होत्या, डोळे टक्क उघडे.

"शालन?" त्या म्हणाल्या.

"हो काकू. मीच."

विंगेतून मास्तर धावत आले. "काय केलंस हे! अगं, हातात आलेलं..." आणि त्यांनी बायकोकडे बघितलं आणि ते तिथंच थबकले.

पाच आणि सहा नंबरची गाणी व्हायची होती, पण ती थांबवली. बाहेर टेलिफोन वाजायला लागले. पहिला कलकत्त्याचा. मग मद्रासचा. मेहरोत्रा आत आले ते दोन शिपायांना घेऊनच, कपाळाला आठ्या.

"दूसरी लडकी कहां है?"

"कुठली दुसरी?" मी हिंदीत विचारलं.

पहिले दोन अंतरे जिनं म्हटले ती, ते म्हणाले. गळा एक पाहिजे म्हणून बजावून सांगितलं होतं, तरी तुम्ही दोघींना बसवलंत. कलकत्ता विचारतंय, मद्रास विचारतंय, बाहेर बसलेले सगळे विचारतायत. शिपाई विंगेत बघून आले, पडद्याच्या घड्या उघडून बघितल्या, बाथरूमचं दार ठोठावून आले. एकानं तर तंबोऱ्याच्या मागंही वाकून बघितलं. माझ्या तोंडात एक कचकचीत शिवी आली होती, गिळली.

"दोन्ही मीच," मी म्हटलं. "मी ऑर्केस्ट्रात गाते साहेब. नकला करते."

"तो करके दिखाइये."

हात्तिच्या, एवढंच ना! मी घसा साफ केला, ओळ उचलली. 'भरली घागर...' जाडा, घोगरा आवाज. थांबले. परत उचलली. तोच. हसू आलं मला आधी, मग घाम फुटला. लहानपणापासून झोपेतसुद्धा काढू शकले असते तो आवाज मी, आणि तो लागेना. नंतर ऑर्केस्ट्रात मी पुष्कळ वर्षं गायले, सगळ्यांच्या आवाजात गायले. कुंदाचा मात्र त्या दुपारपासून मला कधीच लागला नाही.

मेहरोत्रांनी मान हलवली. "चार नंबर बाद," ते म्हणाले. गाणं गेलं, नाव गेलं, मनिला गेलं. त्यांना तेवढ्यावर जाता आलं असतं. पण माणूस नियमाचा होता. दुसरी कोण होती, ती कुठं लपलीय, हे त्यांना कळायलाच हवं होतं. ते मास्तरांपुढं जाऊन उभे राहिले.

"आप बताइये. कौन थी वो?"

मास्तरांनी काकूंकडे बघितलं.

तेव्हा काकू उठल्या. तंबोरा त्यांनी सावकाश आडवा ठेवला. हिंदी त्यांना बेताचीच, पण प्रश्न कळला होता. मराठीतच बोलल्या, स्वच्छ, क्लासातल्या मुलींना समजावून सांगायच्या तशा.

"दुसरी माझी मुलगी होती. कुंदा सोहोनी. ती श्रावणात वारली."

मास्तरांनी भिंत धरली.

"क्या कह रही हैं?" मेहरोत्रांनी मला विचारलं.

मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं. ते आधी रागानं काहीतरी बोलणार होते, ते त्यांनी आवरलं. काकूंकडे बघितलं, मग पडद्याकडे. हातातला कागद त्यांनी उगाचच उलटा-सुलटा केला. मग एकदम हलक्या आवाजात, जणू मलाच विचारत, म्हणाले, "लेकिन हम सब ने तो अभी सुना उसे."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ते म्हणतायत, आम्ही सगळ्यांनी आत्ताच तिला ऐकलं."

"हो," काकू म्हणाल्या, "मीपण ऐकलं." आणि तिथंच खाली बसून त्या मोठ्यानं रडायला लागल्या.